वीट पाण्यात घालू नये

हॅलो?… हो, क्लेलियाच बोलतेय… अगं नोरिना, तू? सकाळी सकाळी? शिकागोत सगळे बरे आहात ना?

…हो, हो, कळलं. पॅरिसमध्ये बाटल्या झाकून चाखल्या म्हणे, आणि फ्रेंचांनीच आपल्या कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला नंबर दिला. इथे पाद्रीबाबांपासून न्हाव्यापर्यंत दुसरा विषय नाही…

तुझे वॉल्टरराव काय म्हणतात?… सहा बाटल्या पाठव? बघा. इतकी वर्षं आपली वाइन मटण मुरवायला, आणि पाहुण्यांपुढे फ्रेंच… नाही गं, टोमणा कसला. आहे ते बोलले.

…रेंझो? त्याच्या तर अंगातच आलंय… अगं ऐक ना. लाल वाइनमध्ये जिंकली ती कॅबर्ने द्राक्षाची. आपली झिनफँडेल. म्हणून माझा लेक बाबांच्या वेली उपटून कॅबर्ने लावणार. तुझा संमतीचा कागद आला की यंत्र येतंय… हो, केली मी सही. पोटचा पोर समोर पेन घेऊन उभा, नाही म्हणवेना… आता तुझी तेवढी. बाबांनी मळा दोघींच्या नावावर ठेवलाय ना.

…स्वयंपाकघरात. खिडकीशी. धुकं अजून हटलं नाहीये, वेलींची नुसती डोकी दिसतायत… तुला सांगू? रोज या वेळी वाटतं, बाबा त्यातून चालत येतील. टोपी मागे सरकवलेली, कात्री खिशात. येतील आणि विचारतील, कॉफी झाली का… वेडी तर वेडी.

…हो ना. दारूबंदीत सगळ्यांनी वेली काढून प्रूनची झाडं लावली. बाबांनी नाही काढल्या. द्राक्षं आटवून विटा केल्या… तुला आठवतं? तू खळ लावायचीस, मी चिठ्ठ्या लिहायचे… थांब, मला म्हणू दे. ‘सूचना. ही वीट घागरभर पाण्यात घालू नये. बूच लावून एकवीस दिवस अंधारात ठेवू नये. नाहीतर तिची वाइन होईल.’

…हसतेस काय? आणि बॉस्टनच्या त्या बाईंचं पत्र? ‘तुमची सूचना पाळायची राहून गेली. कृपया आणखी बारा विटा पाठवाव्यात.’… बाबांनी ते खिळ्याला लावून ठेवलं होतं गं. जाता येता वाचायचे.

…नोरिना? रडतेस?… मला नको विचारूस. मी त्याची आई. पाठवू नकोस असं मी कुठल्या तोंडाने सांगू?… पण मला फार वाईट वाटतंय. आता लपवून काय करू.

…कागद कुठे आहे?… सही झाली? दुपारी पोस्टात टाकणार?… आणि आत्ता?… शेगडीपाशी.

हं.

…मग मोठ्या बहिणीची एक सूचना ऐक. कागद शेगडीपाशी ठेवू नये. गॅस पेटवून त्याचं टोक ज्योतीला लावू नये. नाहीतर तो जळेल, आणि वेली आहेत तिथेच राहतील.

…हॅलो?… नोरिना?… कुठे गेलीस?…

…आलीस? खोकतेस कशाला?…

…बरं. बरं गं बाई. आधी खिडकी उघड, वॉल्टररावांना वास येईल… नाही, मी नाही रडत… इथे? हटतंय धुकं. दिसायला लागल्या सगळ्या. ठेवते आता, कॉफी उकळून चाललीय.