चोवीसची गाडी आन विजयसिंहांचं वजन

...आन वर त्यो शोरूमचा मॅनेजर काय म्हणतो, "सर, ॲव्हरेज चालवण्यावर असतं." चालवण्यावर? मग गाडी घेतली कशाला, दारात बांधून वैरण घालायला? घेताना ह्योच गडी काचंच्या केबिनात बसवून, गार सरबत पाजून, कागदावर बोट ठेवून म्हणालता, "सर, लिटरला चोवीस. कंपनीचा आकडा आहे." तवा न्हाय म्हणाला चालवण्यावर असतं म्हणून! आन तुम्हाला सांगतो, आमच्या कसबा बावड्याच्या विजयसिंहांनी ती गाडी जिवापाड जपली, रोज फडकं मारलं, लिंबू-मिरची बांधली, आन पडत्यात किती? चौदा. गाडी चोवीस देती म्हणं!

तरी चौदावर बी गप्प बसलं असतं हो विजयसिंह. पण साडू गप्प बसू देतोय व्हय? राजवीर म्हंजे ह्यांच्या बायकोच्या, पूर्णिमावहिनींच्या, धाकट्या भणीचा नवरा. त्यानं तीच गाडी घेतली, त्याच रंगाची घेतली, आन लगेच फोन. "साडूभाऊ, आमची चोवीस पडतीया बरं का... तुमची किती?" आवाज कसा, तर दवाखान्यात बघायला आल्यावानी, आन आतनं सगळं हसू. फोन स्पीकरवर, घरातली समदी ऐकत्यात, शेजारचं बी कान लावून. विजयसिंहांचं डोस्कं फिरलं. म्हणालं, "आमची बी चोवीसच देती. न्हाय दिली तर विकून टाकतो आन सायकलवर फिरतो. शब्द हाय माझा."

झालं की! आता ह्यांचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ, गावात समद्यांस्नी म्हाईत. पण आत चपात्या लाटत असलेल्या पूर्णिमावहिनींचा हात जागच्या जागी थांबला. त्यांची आई, चिमणाबाई, गडहिंग्लजला एकटी. गुडघं गेलेलं, येष्टीची पायरी चढवत न्हाय. गाडी घेतली ती कुणासाठी? म्हातारीला आणायची, चार महिनं लेकीकडं ठेवून घ्यायची, म्हणून. आन गाडी आल्यापास्नं म्हातारी काय आली न्हाय, कारण ह्यांचं आपलं आज एक काम, उद्या दुसरं. आता गाडीच गेली तर ती कवा यायची, सांगा बरं?

मग परीक्षा ठरली. पंपावर टाकी फुल्ल, गडहिंग्लजला जाऊन यायचं, परत त्याच पंपावर फुल्ल, आन करायचा हिशेब. वहिनी म्हणाल्या, "अहो, मी बी यिती. येताना आईला घिऊन येऊ."

"वजन वाढतंय," विजयसिंह म्हणालं.

वजन! बायकोला वजन म्हणालं, आन घरीच ठिवलं! आन निस्तं म्हणून थांबलं न्हाईत. डिकीतली स्टेपनी काढली, पाना काढला, पायातल्या मॅटा काढल्या, मागच्या सीटवरची उशी काढली. डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा ऱ्हायला, देवाचं वजन धरत न्हाईत. टायरात हवा इतकी मारली की गाडी टणाटणा उड्या मारायला लागली. एसी बंद, का तर पेट्रोल खातो. काचा बंद, का तर वारं आत शिरलं की गाडी मागं वढती. मे महिना! आत माणूस न्हवं, इडली शिजत व्हती. ॲक्सिलेटरवर पाय कसा, तर खाली मांजराचं पिल्लू झोपल्यावानी. मागनं ट्रक हॉर्न देतोय, मोपेडवाली म्हातारी बाजूनं पुढं गेली, पण ह्यांचं ध्यान आकड्यावर. गाडी चोवीस देती म्हणं, आज बघूच.

गडहिंग्लजला घामानं निथळत पोचलं. चिमणाबाईंनी जावई बघितलं आन बिचारीनं आधी पिशवी भरली, मग च्या ठेवला. "पावणं, मी तयारच हाय. लुगडी भरली, गोळ्या घेतल्या." तुम्हाला सांगतो, पिशवी हातात धरून म्हातारी दारात उभी, आन ह्यो मोठा माणूस सासूला काय म्हणाला?

"मामी, पुढच्या खेपंला."

न्हाय म्हंजे, लाज वाटाय पाहिजे का नको? म्हातारीनं हळूच पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. जावई परत निघालं, घाटात सपसप आलं, कागलला डॅशबोर्डवरचा आकडा बघितला, चोवीसच्या वर. चोवीसच्या वर! स्टेरिंगला नमस्कार केला की विजयसिंहांनी.

आन मग बावडं आलं. पंप म्होरं दिसतोय, हाकंच्या अंतरावर, आन वाटंत कोण? तर पिराजीराव.

आता आमच्याकडची रीत सांगतो. वळखीचा माणूस दिसला की गाडी थांबवायची, काच खाली घ्यायची. न्हाय थांबला तर "गाडी घेतली आन माजला" हे सांजच्याला गावभर. पण इंजिन बंद करायचं न्हाय. बंद केलं म्हंजे पावणा बसायला आला, मग च्या, मग "जेवल्याबिगर सोडतोय व्हय?" इंजिन चालू म्हंजे गडी घाईत हाय. सभ्यता असती ती. म्हणून विजयसिंहांनी इंजिन चालू ठेवलं आन म्हणालं, "पिराजीराव, लई घाईत हाय बघा."

"व्हय, दिसतंय की," पिराजीराव म्हणालं आन खिडकीवर दोन्ही कोपरं टेकली.

बोअरची मोटर जळाली ती कशी जळाली. भाच्याचं लगीन मोडलं ते का मोडलं. म्हशीला नजर कुणाची लागली. "बरं, निघतो," म्हणायचं, गेर टाकायचा, "आन ते कारखान्याचं ऐकलासा का?" गेर काढायचा. मागनं ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. त्यो बी वळखीचा! त्यो बी उतरून आला, ट्रॅक्टर चालूच ठेवून, त्यो बी घाईत. तिघं घाईतली माणसं ऊन कलेपर्यंत बोलत व्हती, आन गाडी जागच्या जागी घर्रर्र... घर्रर्र... जळतंय कुणाचं?

पंपावर टाकी फुल्ल केली. हिशेब केला. परत केला. एकोणीस.

चोवीस देती म्हणं! घरी येऊन विजयसिंह उंबऱ्यावर बसलं आन म्हणालं, "शब्द म्हंजे शब्द. उद्या गिऱ्हाईक बघतो." वहिनींनी एकच विचारलं, "आई कुटं हाय?" ह्यांनी खाली मान घातली. वहिनी सकाळी उठल्या, स्टेपनी डिकीत टाकली, हवा बेतात आणली, किल्ली घेतली. लायसन व्हतंच त्यांच्याकडं, स्टेरिंगला हात लावू कोण देत व्हतं? "विका गाडी. पण आधी आईला आणणार. यायचं तर बसा."

बसलं की गप. वाटंत पिराजीराव उभंच. ह्यांचा हात काचंच्या बटनाकडं गेला. वहिनींनी निस्ता हॉर्न वाजवला, मान हलवली आन गेल्या पुढं. "अगं, काय म्हणतील?" "म्हणू द्या." वाटंत आणखी दोघं-तिघं दिसली, हॉर्न, मान, पुढं. बाईमाणूस थांबलं न्हाय तर माजलं म्हणत न्हाईत, कामात असंल म्हणत्यात. ह्यो कुठला न्याय, विजयसिंहांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं सवताला!

गडहिंग्लजला वहिनींनी परत परीक्षा घ्यायची म्हणून तिथल्या पंपावर टाकी फुल्ल केली. मग मागं चिमणाबाई पाय लांब करून बसल्या, बाजूला उशी, डिकीत तांदळाचं पोतं, गुळाची ढेप, शेंगा, लोणच्याची बरणी, कारण लेकीच्या घरी आई रिकाम्या हातानं जात न्हाय. गाडी मागनं बसली की खाली. वहिनींनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, पोटापास्नं वरपतूर. आन निवांत आवाजात म्हणाल्या,

"अहो, गाडी ठेवायची हाय न्हवं आपल्याला?"

"व्हय..."

"मग तुम्ही येष्टीनं या."

आता सांगा, करणार काय? शब्द ह्यांचाच, वजनाचं गणित ह्यांचंच! उन्हातनं चालत स्टँडवर गेलं, येष्टी गच्च, एका हातानं दांडा धरून लोंबकळत उभं. बावड्याच्या अलीकडं फोन वाजला. पूर्णिमावहिनी, आन मागनं म्हातारीचं हसणं. "अहो, आपल्या पंपावर टाकी भरून बघितली, चोवीस पडली! एसी लावूनशान!"

गाडी वाचली, शब्द वाचला, साडूचं तोंड बंद झालं. विजयसिंहांनी घाम पुसला. कंडक्टर म्हणाला, "पावणं, सरका पुढं." आन विजयसिंह सरकलं की. गाडी चोवीस देती. देती म्हंजे देतीच. मालक तेवढा येष्टीत पाहिजे.