बाकीचे पूर्वज जेवल्यावर

…आणि वर मलाच म्हणतात, "नालोंगो, तुम्ही कुणाचं ऐकून घेत नाही." मी ऐकून घेत नाही? अहो, जुळी वाढवलीत मी, उगाच नाही सगळा गाव मला नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, म्हणत. दोन तोंडं एकदम रडायला लागली की कोण कशासाठी रडतंय हे ऐकल्याशिवाय कळतं का? तुम्हाला सांगते, मला सगळं ऐकू येतं. पण चुलीवर भांड्यात वाफ कोंडलेली असली ना, की मी फक्त वाफेचं ऐकते. पान गरम असतानाच सोडायचं असतं. हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. शाळेत मी गेलेच नाही. अक्षरं शिकले ती साखरेच्या पुडीच्या कागदावरून, आणि स्वयंपाक शिकले तो चटके खाऊन.

तर शाळा. आमच्या टेकडीवरची, दोनशे बारा पोरांची. आणि मुख्याध्यापिका दमालीबाईंनी काय काढलं, तर पोरांच्या दुपारच्या जेवणाला मसाक्याहून ट्रकनं मक्याचं पीठ आणायचं, पोती छपराला टेकवायची, आणि वर्षाचे सगळे दिवस तोच पांढरा गोळा. मी म्हटलं, बाई, शाळेच्या कुंपणावर केळीचे घड रेललेत, भोपळे वाटेत आडवे पडून लोकांना ठेचा लावतायत, रताळी मातीतून डोकं काढून बघतायत कुणी विचारतंय का, आणि तुम्ही पीठ ट्रकमध्ये बसवून पाहुण्यासारखं आणता? तर म्हणते कशी… ती जरा नाकात बोलते हं… "नालोंगो, पीठ मापून देता येतं. तुमचा पाला आज आहे, उद्या नाही."

अगं बये, म्हणून तर तो आज खायचा!

मला ते शाळेचं स्वयंपाकघर हवं होतं, लपवून काय करू? माझी पाच नातवंडं त्या शाळेत आहेत आणि एकालाही नकातीचा पाला आणि डोडोचा पाला यातला फरक सांगता येत नाही. हिरवं ते हिरवं, म्हणतात. माझ्या नातवंडांनी असं म्हणावं? म्हणून मी गावच्या बैठकीत उभी राहिले आणि बसलेच नाही, शेवटी कंटाळून ठरलं की शाळा समितीचे नवे अध्यक्ष, कंपालाकडचे कुणी एरियेझासाहेब, गुरुवारी येणार, माझ्या हातचं जेवणार, आणि मग पोती की पाला ते ठरवणार.

आणि गुरुवारी उजाडताना काय झालं असेल? ऐका, ऐका. माझ्या केळीच्या बागेत, वारुळापाशी, जमीन अशी भेगाळलेली… मी वाकले… अळंबी! इवली इवली पांढरी, नखाएवढी, अख्खी जमीन दुधासारखी झालेली. वर्षातून दोन-तीन दिवस येतात ती, पाऊस आणि माती यांचं आपसांत काय ठरतं देव जाणे, बोलावून येत नाहीत आणि थांबवून थांबत नाहीत. आणि ती आली कधी, तर नेमकी गुरुवारी. मी तिथेच एक गिरकी घेतली, या गुडघ्यांनी. शेजारची तेझिरा कुंपणापलीकडून म्हणाली, "काय गं, मुंगी चावली का?" मी म्हटलं, "इकडे ये आणि तोंड मिटून वेचायला बस."

दोघींनी चार टोपल्या वेचल्या. केळीचं कोवळं पान धुरावर धरून मऊ केलं, त्यात शेंगदाण्याचं वाटण, त्यात अळंबी, वर मीठ, बस, दुसरं काही नाही, अळंबीवर मसाला घालणारी बाई म्हणजे फुलाला अत्तर लावणारी. पुरचुंड्या केळीच्या सोपटानं बांधल्या, मोठ्या भांड्यात मटोके, म्हणजे सोललेली हिरवी केळी, पानात गुंडाळून, त्यावर या पुरचुंड्या, आणि वाफ. तीन तास. वास असा की रस्त्यानं जाणारा सायकलवाला उतरून उभा राहिला आणि चाक तपासल्याचं नाटक करायला लागला.

साहेब आले. पांढरा झगा, वर कोट, चांगला उंच माणूस. मी गुडघे टेकून रीतसर विचारपूस केली, दोन्ही गुडघे वाजले, ते त्यांनीही ऐकलं. चटईवर बसवलं. मी पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली, आणि सोपट सोडणार, तेवढ्यात त्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "मी एरियेझा. केझेकियाचा मुलगा. केझेकिया हे झेफानियाचे, आणि झेफानिया हे…"

आता मला ठाऊक नाही का, आमच्यात माणूस असाच ओळख देतो? बाप, आजा, पणजा, आणि शेवटी कूळ आणि देवक. पण तुम्हाला सांगते, झेफानियापर्यंत येईतो पुरचुंडीवरची वाफ विरळ व्हायला लागली होती! पान गरम असतानाच सोडायचं असतं. मी म्हटलं, "साहेब, बाकीचे पूर्वज जेवल्यावर. ते कुठे पळत नाहीत, वाफ पळते."

ते हसले. मोठ्या मनाचा माणूस. पान सोडलं. आत पाहिलं. आणि पुन्हा मिटलं… अगदी हळू, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं.

"नालोंगो," ते म्हणाले, "तुम्ही माझं अख्खं घराणं शिजवलंत."

अळंबीचं कूळ त्यांचं! देवक अळंबी! बापजन्मात त्यांच्यात कुणी तोंडाला लावलेली नाही, आणि मी ती शेंगदाण्यात घालून पुढ्यात ठेवलेली. तेझिरानं तोंडावर हात ठेवला. आणि दमालीबाई? तिनं वहीच उघडली. "तर मग पिठाची पोती…"

"बाई," मी म्हटलं, "चूल विझली की पोत्यांचं बोला. अजून पेटलेली आहे."

भांडं तर गेलंच, त्या वाफेतलं एक केळंही ते खाणार नाहीत, बरोबरच आहे. तेझिराच्या घरून दुसरं भांडं आणलं. मी परसात शिरले आणि जे हाताला लागलं ते… नकातीची जुडी, कडू वांगी, एक भोपळा, मातीसकट रताळी… हात चालत होते का वारं वाहत होतं मलाच कळेना. आणि तिकडे साहेब काय करत बसले? पूर्वज पुरे केले. झेफानिया झाला, त्याचा बाप झाला, त्याचा आजा झाला. मी चुलीपासून "हो, हो" म्हणत होते. अकरा पूर्वजांत रताळी शिजतात, हे मला त्या दिवशी कळलं.

वाढलं. गरम. ते जेवले. भोपळा झाला, वांगी झाली, पानावर नकातीचा देठ उरला तोही चावला, आणि म्हणाले, "हा पाला माझी आई करायची." मग मान वळवून दमालीबाईंना मत विचारायला गेले… तर बाई कोपऱ्यात! मांडीवर पान, कोपरापर्यंत शेंगदाण्याचा ओघळ, अळंबीची तिसरी पुरचुंडी चालू. "वाया जायला नको म्हणून," म्हणाली. त्या वेळी मात्र नाकात बोलली नाही. तोंड भरलेलं होतं.

झालं. पोती मसाक्यातच राहिली, स्वयंपाकघर माझं. पण साहेबांनी जाताना एक अट घातली, सगळ्यांदेखत. "नालोंगो, आजपासून रोज वाढण्याआधी प्रत्येकाची ओळख ऐकून घ्यायची. पूर्ण." मी म्हटलं, घेईन. तोंडातून गेलं ते गेलं.

दोनशे बारा पोरं, सगळी मला जाजा, म्हणजे आजी, म्हणणारी. रोज. तांबड्या मातीत रांग, माझ्या हातात पळी, आणि ओळख. मी म्हटलं, एकदा ऐकलं, आता लक्षात राहील. तर दमालीबाई म्हणते, "अटीत 'रोज' आहे, आणि पोरांचा इतिहासही होतो." चवळी देवक असलेली नऊ, नाकतोडा देवक असलेली सतरा, मासा देवक असलेली तर मोजून संपेनात. सिंह आणि हत्तीवाल्यांची मला भीती नाही, ते मी शिजवत नाही. पण तरी ऐकायचं. पान गरम असतानाच सोडायचं असतं, असं मी मनात म्हणते आणि पान गार होताना बघते.

काल पहिलीतली एक चिमुरडी आली. हात मागे बांधून, डोळे मिटून, बाप, आजा, पणजा, खापरपणजा, एक चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, कूळ, देवक, कुळाचा डोंगर, सगळं. मागे रांग शंभर पोरांची. मी घाम पुसला, पळी भरली, म्हटलं, घे बाई, आता पुढे कर ताट.

तर म्हणते, "मला नको जाजा, मी घरून जेवून आले."