पांढऱ्या कव्हरचा सोफा

नाही मावशी, सोफ्यावर नको, मी स्टुलावरच बरी — लाजतेय म्हणून नाही हो. ते पांढरं कव्हर बघताय ना? आईने खास तुमच्यासाठी काढलंय. मी पांढऱ्यावर बसत नाही, कुणाच्याच घरी नाही. आज काही नाहीये मला, तरीसुद्धा नाही — ऑफिसात टाइपरायटरसमोरून उठले तरी आधी मागे वळून खुर्ची बघते.

थांबा, उठू नका. बाबा तुमच्या श्यामकांतना गच्चीवरची नवी टाकी दाखवतायत, म्हणजे लवकर यायचे नाहीत. आई आत पोहे परततेय. तेवढ्यात सांगते. मागच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत, येऊ नका, असं कळवलं ना तुम्हाला? कसले पाहुणे! मीच होते — गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून, इथेच फरशीवर, तोंडात ओढणी कोंबून. आई म्हणाली असेल, आमची अनुपमा जरा नाजूक आहे. नाजूक! जुनी टाकी फुटली तेव्हा पाण्याच्या बादल्या तीन मजले कोणी चढवल्या? मीच ना!

आमचे डॉक्टर काय म्हणाले माहितीये? लग्न करून टाका, पाळीचं दुखणं आपोआप थांबेल. म्हणजे तुमचा मुलगा माझं औषध — जेवणानंतर घ्यायचं! हसताय? हसा, बरं वाटलं. पण त्यांना कुणी विचारलं का, औषध व्हाल का म्हणून? मग मी हट्टाने मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटात दुर्बीण घालून तपासलं आणि नाव सांगितलं — एंडोमेट्रिऑसिस. मी पुन्हा म्हणायला लावलं. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर बाहेर वाढतं म्हणे. म्हणजे ढोंग नव्हतं ना माझं! रडले मी तिथे, वेड्यासारखी, आनंदाने. आणि आई लगेच म्हणाली, हे नाव घराबाहेर काढायचं नाही. मूल? होईल, नाहीही होणार — त्यांनी असंच सांगितलं, मी तुम्हाला असंच सांगतेय.

दुखण्याचं काही नाही हो — म्हणजे आहे, भयंकर आहे, पण ते येतं नि जातं. मधले दिवस खातात मला. कधी सुरू होईल, मी कुठे असेन, कोण बघेल — आणि त्यात आता तुम्हाला कळेल, ही एक नवी धाकधूक. ती घेऊन तुमच्या घरात नाही यायचं मला. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलेही असते. पण ते आले ना, तेव्हा दारात स्वतःच्या चपला काढल्या आणि बाबांच्या विस्कटलेल्या चपलाही पायाने सरळ केल्या, कुणी बघत नाही असं समजून. मी पडद्याआड होते. आवडले मला — हे काही सांगायचं नव्हतं मला, जाऊ दे.

जिन्यात आवाज येतोय, आले वाटतं. नकार द्यायचा तर जरूर द्या, पण मुलगी नाजूक आहे म्हणून नको. तिने आजाराचं नाव सांगितलं म्हणून द्या. आणि मावशी, जरा सरका — मी इथे बसतेय.