धर्माकाका पाण्याखाली गेले तेव्हा

"समुद्रावर आयुष्य काढलंत आणि तो आतून पाहिलाच नाहीत?" असं मी धर्माकाकांना एकदा विचारलं होतं. आठवलं की अजून ओशाळायला होतं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नौदलातून निवृत्त झालेल्या मामाने पाणबुड्याचं सामान आणलं होतं. मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेलो. दिसेल त्याला समुद्राचा तळ दाखवायची मला घाई. दांडीच्या किनाऱ्यासमोरचा पाण्याखालचा खडक उथळ, त्यात त्या दिवशी भांग, म्हणजे पाण्याला ओढ नाही आणि गाळ खाली बसलेला.

होडी धर्माकाकांची. मी म्हणालो, "काका, तुम्हीच उतरा आधी. इथे पोहता न येणाराही उतरेल."

"आमी खाली जात नाय, पोरा. खाली गेला तो परत येत नाय."

"ही अंधश्रद्धा आहे!"

ते शांतपणे म्हणाले, "माझा धाकटा भाव इथंच बुडाला. गावलाच नाय. आय अजून इचारते, तिथं काळोखात कसा राहत असंल रे माझा पोर?"

मी हवेची टाकी बाजूला सरकवली. थोड्या वेळाने त्यांनीच टोपी काढून ठेवली. "दे ती टाकी."

मामा त्यांचा हात धरून खाली गेला. पाच मिनिटांत दोघे वर आले. मासे दिसले का, खडक कसा वाटला, मी विचारत सुटलो. काकांनी होडीचा काठ धरून दम घेतला.

"नांगर उचल."

"इतक्यात? अजून सगळा खडक बघायचाय!"

"आयला सांगायचं हाय," ते म्हणाले. "खाली उजेड हाय."