काठोकाठ कॅन

लॅबच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. दोघांच्या मध्ये, कापडी पिशवीत, आजोबांची दिवसभराची लघवी साठवलेला कॅन.

"रात्री हा अर्धाही नव्हता. आज काठोकाठ कसा?"

"हळू बोल. किडन्या सुधारल्या असतील."

"एका रात्रीत? काल दिवसभरात दोन घोट पाणी प्यायलात. डॉक्टर काय म्हणाले? पाणी कमी पडलं की किडनी ते राखून ठेवते, आणि रक्तातली घाण थोडक्या पाण्यात बाहेर टाकते. मग हे एवढं आलं कुठून? इकडे बघा माझ्याकडे."

"अगं, तळाला एवढीशी, ती पण काळ्या चहासारखी. इथल्या काउंटरवरच्या पोरीच्या हातात द्यायची लाज वाटली. घातलं थोडं नळाचं."

"अहो, किती पाणी आणि किती घाण बाहेर पडते, तेच तर मोजणार आहेत! त्यावर तुमची औषधं ठरायची आहेत! आणि त्यांना कळल्याशिवाय राहील का?"

"नाही कळणार."

"कशावरून?"

"जन्मभर दूध विकलंय मी. किती घातलं तर कळत नाही, ते मला बरोबर ठाऊक आहे."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीत. थेंबभरसुद्धा घालत नाही म्हणून."

"घरचं आधी वेगळं काढायचो गं."

"आणि माझ्या माहेरचं?"

"चल, चल. आपला नंबर आला."

नंबर माझा होता.