रविवारपर्यंतचा पत्ता

दवाखान्याच्या बाकावर गुडघा चोळत बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याला नोंदणीच्या खिडकीवरचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण कान काही मिटून घेता येत नाहीत.

“पत्ता सांगा, ताई.”

“प्रार्थनाघर. मागचा हॉल.”

“अहो, राहता कुठे ते विचारतेय.”

“तिथंच. आमचं घर सुटलं.”

“आम्ही पाहुणे आहोत,” आईचं बोट धरलेली मुलगी मध्येच म्हणाली. “देवाकडे.”

“अगं बाई, देवाकडे! मज्जा आहे की तुझी. किती दिवस मुक्काम?”

“रविवारपर्यंत. रविवारी त्याच्याकडे त्याची माणसं येतात. मग आम्ही गाद्या गुंडाळतो नि दुसऱ्या देवाकडे जातो.”

“गप्प बस गं! माणसं फार चांगली आहेत हो, ताई. गरम जेवायला घालतात, पांघरुणं देतात. दर आठवड्याला प्रार्थनाघर तेवढं बदलतं.”

“पण हिचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागतील. पाठवू कुठे?”

“तेव्हा कुठे असू, ते... मीच येऊन नेते ना.”

“आई, पाहुणे आपल्या घरी कधी जातात गं?”

आतून शिंप्याचा नंबर पुकारला. दुसऱ्यांदा पुकारला. तो उठला नाही. उत्तर अजून आलं नव्हतं.