भाराखाली बोलायचं नसतं

टाचा जमिनीला रेटा. तशाच राहू द्या. आता पोटऱ्या आवळा. मग मांड्या. मागच्या रांगेतले काका, तुम्हीसुद्धा. खुर्ची घट्ट धरू नका, हात मोकळे असू द्या. पोट ताठ करा. श्वास भरून घ्या आणि तोंड बंद ठेवा. आता कोणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही.

सोडा.

मंडळी, तुमच्यातल्या निम्म्यांनी मी सांगायच्या आधीच पोटऱ्या आवळल्या होत्या. मी इथून बघत होते. म्हणजे माझ्या भावानं तुम्हालाही शिकवलेलं आहे. हर्सूल तलावाच्या कडेनं सकाळी फिरणाऱ्यांना त्यानं सोडलं नाही. कॉलनीतल्या आजींना सोडलं नाही. बसलेलं माणूस एकदम उठलं की चक्कर येते, कारण रक्त पायात उतरलेलं असतं. "रक्ताला वर ढकला, आजी. ते आपलं आपण चढत नाही." असं तो म्हणायचा, आणि आजी उठेपर्यंत समोर उभा राहायचा.

मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं. बोलणं हेच माझं काम. आज इथं तुमच्यासमोर उभं राहून बोलणं मला जमेल असं वाटत नव्हतं. म्हणून आधी पाय आवळून घेतले. तुम्हालाही सोबत घेतलं. एकटीनं केलं असतं तर दिसलं असतं.

त्या हार घातलेल्या फोटोखाली 'विंग कमांडर उत्तम' असं लिहिलंय. खुलताबादच्या पलीकडच्या आमच्या गावात त्याला असं कोणी म्हटलं नाही. तिथं तो 'विमानवाला उत्तम'. मला फक्त दादा. ज्यांनी त्याला कानटोपी घालून फिरतानाच पाहिलंय त्यांना सांगते, हा माणूस लढाऊ विमानं उडवायचा.

पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा बापूंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला ओट्यावर बसवून विचारलं, "तिथं नेमकं अवघड काय असतं रं?" सदाभाऊ, तुम्ही होता तिथं. हो, मान हलवताय. दादा म्हणाला, "वजन, बापू. विमान जोरात वळवलं की आपलं वजन वाढतं. त्याला आम्ही जी म्हणतो. सहा जी म्हणजे माझ्यावर माझ्यासारखेच आणखी पाच जण बसल्यासारखं."

बापूंनी विचार केला. "अन् ते येतात कुठून?"

"वळलो की येतात."

"मंग वळतो कशाला? सरळ जा की."

"सरळ गेलं तर मागचा मारतो, बापू."

बापूंना ते पटलं नाही. पुढं कित्येक वर्षं दादा सुट्टी संपवून निघाला की ते वेशीपर्यंत जात आणि म्हणत, "लई वळू नको."

त्याच सुट्टीत आईनं त्याच्या हातांवर बारीक लाल ठिपके पाहिले. त्या भारानं कातडीखालच्या बारीक नसा फुटतात, त्याचे ते ठिपके. दादानं समजावलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरकारी गाद्यांत ढेकणं लई झालीत, हे सांगाया लाज वाटती व्हय?" जाताना तिनं त्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला भरून दिला. तो त्यानं नेला. तिथल्या मित्रांनी विचारलं, हे काय. तो म्हणाला, 'जी'वरचं औषध.

मला मात्र त्यानं नीट सांगितलं होतं. मी सारखी विचारायची. कसं वाटतं? तो म्हणायचा, आधी गाल खाली ओढले जातात, म्हाताऱ्यासारखे. हात उचलायचा म्हटलं तर तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. मग रंग जातात. लाल दिवा राखाडी दिसतो, आभाळ राखाडी दिसतं. मग कडेकडेनं अंधार आत येतो. मधे एवढंसं भोक राहतं आणि तेवढ्यातून जग दिसतं. रक्त पायाकडं पळालेलं असतं, डोळ्यांना पुरत नाही. म्हणून पाय आवळायचे, पोट आवळायचं आणि श्वास छातीत कोंडून धरायचा. मधेच झटकन थोडा श्वास सोडायचा, झटकन थोडा घ्यायचा. त्यांच्या पोशाखातही हवा भरते, ती पाय दाबते. पण पोशाख थोडंच करतो. बाकी आपल्याला करावं लागतं.

"आणि बोलायचं नाही," तो म्हणायचा. "भाराखाली बोलायचं नसतं. बोललं की श्वास गेला. श्वास गेला की आपण गेलो."

हे तो पुस्तकात वाचून सांगत नव्हता. एकदा तो बोलला होता.

प्रशिक्षणातले दिवस. मागच्या आसनावर त्याचे उस्ताद. मोठं वळण चालू होतं, दादानं सगळं बरोबर आवळलं होतं. तेवढ्यात उस्तादांनी सहज विचारलं, "ठीक हो?" तिथं उत्तर द्यायचं नसतं. फार तर घशातून हुंकार काढायचा. पण मंडळी, आपल्याकडं वडीलधाऱ्यानं विचारलं आणि पोरानं उत्तर दिलं नाही, असं चालतं का? बापूंनी विचारलं आणि आम्ही गप्प बसलो, असं एकदाही झालं नाही. दादानं तोंड भरून उत्तर दिलं. "व्हय सर, एकदम ठीक आहे."

वाक्य संपायच्या आत तो गेला.

पुढं काय झालं, ते त्याच्या तोंडून ऐकायला हवं होतं तुम्ही. तो खुलताबादचा घाट चढत होता. बैलगाडीत सीताफळं भरलेली. बापू मागं झोपलेले, कासरा त्याच्या हातात. ऊन कोवळं होतं. मग त्यानं पाहिलं, कासरा हातात आहे, गाडी चालते आहे, पण पुढं बैल नाहीत. त्यानं डोळे उघडले तर हातात विमानाचा दांडा होता आणि समोर नुसतं निळं आभाळ. विमान उस्तादांनी केव्हाच सरळ केलं होतं. त्यानं गंभीरपणे विचारलं, "बैल कुठं गेले?"

मागून आवाज आला, "कौन से बैल, बेटा?"

हसा. तो हे सांगताना थांबायचा, हसण्यासाठी जागा सोडायचा.

तर त्यांच्या तुकडीत एक रीत होती. ज्याची शुद्ध हरपली त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना चहा पाजायचा आणि त्या क्षणात काय दिसलं ते उभं राहून सांगायचं. कारण प्रत्येकाला काही ना काही दिसतं. एकाला शाळेची घंटा दिसली होती. एकजण न्हाव्यासमोर बसला होता आणि दाढी अर्धीच झाली होती. चहा पाजेपर्यंत त्या माणसाशी त्या विषयावर कोणी बोलत नसे, आणि चहा पाजल्यावर कोणी लपवत नसे. ज्याला उडणं सोडायचंय त्यानं खुशाल सोडावं. पण आधी चहा. दादानं चहा पाजला, बैल सांगितले. तुकडीत त्याचं नाव बैल पडलं ते कायमचं. आज इथं आलेल्या त्याच्या मित्रांनी फुलं वाहताना हळूच "चल, बैल" म्हटलं, ते मी ऐकलं.

पण त्या दिवसापासून एक झालं. भार आला की दादा बोलेनासा झाला. विमानातही आणि विमानाबाहेरही.

बापू गेले तेव्हा तो सरणापाशी उभा होता. गावातले म्हणाले, साहेबाच्या डोळ्यात टिपूस नाय. मी त्याच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी होता. पायाची बोटं मातीत रुतली होती आणि पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. घरी आल्यावर, पाणी प्यायल्यावर, त्यानं मला विचारलं, "मी आता किती वळू, हे कोण सांगणार?" मग रडला. भार उतरल्यावर.

शैलावहिनींना हे माहीत आहे. त्या म्हणायच्या, "तुमच्या भावाशी भांडता येत नाही. भांडण संपल्यावर उत्तरं देतात."

आता ज्यासाठी मी इथं उभी आहे ते सांगते.

दादाची मुलगी मुक्ता पहिल्या रांगेत बसली आहे. ती बापाच्याच वाटेनं गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या प्रशिक्षणात एक यंत्र असतं. लांब दांड्याच्या टोकाला माणूस बसेल एवढी खोली, आणि ती गरागरा फिरवतात. जमिनीवरच तो सगळा भार अंगावर येतो. मागच्या महिन्यात त्या यंत्रात मुक्ताची शुद्ध हरपली. मुक्ता, मी हे सगळ्यांसमोर सांगते आहे. रागावायचं असेल तर नंतर रागाव.

दादा तेव्हा शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होता, तिनं तिथं फोन केला. दुपारची वेळ होती, मी दादाच्या उशाशी होते, फोन मीच धरला होता. ती म्हणाली, "बाबा, माझी शुद्ध गेली. सगळे काचेतून बघत होते. मी हे सोडतेय." दादा काही बोलला नाही. ती म्हणाली, "बाबा, बोला ना." तो बोलला नाही. ती म्हणाली, "कळलं मला." आणि फोन ठेवला.

तिला जे दिसलं नाही ते मी पाहिलं. चादरीखाली त्याचे पाय ताठ झाले होते. अंगठे वळले होते. त्या दुखण्यानं पिचलेल्या शरीरात जेवढं आवळण्यासारखं उरलं होतं तेवढं सगळं त्यानं आवळलं होतं.

मग श्वास सोडला आणि मला म्हणाला, "रविवारी येतेय ना ती? समोर बसवून सांगतो. बैलांचं तिला कधी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, "सगळ्या गावाला सांगितलंस, आणि तिला नाही?"

"लेकीला बाप पडलेला कसा सांगायचा? वाटलं, गरज पडणार नाही."

शनिवारी सकाळी तो गेला. मुक्ता संध्याकाळी पोचली. तिनं मला एकच विचारलं, "आत्या, बाबा रागावले होते?" मी नाही म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही. आत्या समजूत घालतेय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. म्हणून आज साक्षीदारांसमोर सांगते. गावकरी इथं आहेत. बैल म्हणणारे मित्र इथं आहेत. मी खोटं बोलत असेन तर त्यांनी उठून सांगावं.

मुक्ता, तो रागावला नव्हता. त्याच्यावर भार आला होता. भाराखाली तो बोलत नसे. एकदाच बोलला होता, तर बैल हरवले.

तू उडावंस की नाही, हे या सभेनं ठरवायचं नाही. मी तर नाहीच नाही. बापू असते तर त्यांनी सरळ जा म्हटलं असतं. दादानं काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, आणि त्यात उडण्याबद्दल काही नसतं. चहा राहिलाय, एवढंच तो म्हणाला असता.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. त्याला शांततेचा कधी त्रास झाला नाही, आपल्यालाही होऊ नये. पण एकदम उठू नका. आधी टाचा रेटा. पोटऱ्या आवळा. शेजारी कोणी म्हातारं असेल तर त्यांच्याकडं लक्ष ठेवा. आजी, सावकाश.

दादा, आम्ही उठतोय.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे होते. मुक्तानं मोठ्या पातेल्यात चहा ठेवला आणि सगळ्यांना स्वतः दिला. मग दाराशी उभी राहून म्हणाली, त्या यंत्रात शुद्ध गेली तेव्हा ती भांडी घासत होती, घासलेलं प्रत्येक ताट पुन्हा खरकटं होऊन समोर येत होतं, आणि बाबा नळ बंद करायला विसरले होते. सदाभाऊ म्हणाले, "उत्तमचंच पोरगं." चहात साखर जास्त झाली होती.